पोसलेलं अंग

चैत्र लागला की बारामतीत दोन आवाज एकदमच सुरू होतात. एक कॉलेजच्या घंटेचा, पेपर सुरू झाल्याचा. दुसरा लांबून, वाऱ्याबरोबर तुटत तुटत येणारा, कुठल्या तरी गावच्या जत्रेतल्या हलगीचा. मी वर्गात फेऱ्या घालत असते. पंखा गरम हवाच ढवळत असतो. पोरं माना खाली घालून लिहीत असतात आणि खिडकीबाहेर कडुनिंबाचा मोहोर उन्हात गळत असतो. त्या वासानं लोकांना गुढीपाडवा आठवतो. मला तालमीतली लाल माती आठवते, ताक, तेल आणि हळद घालून मळलेली. आणि मग पेपर संपेपर्यंत तोंडात कडू चव राहते.

या दिवसांत मी ज्या पेपरच्या उत्तरपत्रिका तपासते, त्याला एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. एक हुशार विद्यार्थी मेलेल्या माणसांचे अवयव जोडून एक प्रचंड माणूस घडवतो. तो माणूस डोळे उघडतो आणि त्याला घडवणारा घाबरून पळून जातो. मग टाकून दिलेला तो जीव जगाकडे माया मागतो, ती कुठंच मिळत नाही म्हटल्यावर सूड घेतो. आणि सूड घेतो तोही घडवणाऱ्याच्या माणसांवर. विद्यार्थी दरवर्षी लिहितात की माणसानं निसर्गाच्या कामात हात घालू नये. मी मार्क देते. पण मला तसं कधीच वाटलं नाही. घडवतं कोण नाही? कुंभार घडवतो, आई घडवते, मास्तर घडवतो. खरा गुन्हा पुढे घडतो, डोळे उघडून आपल्याकडे बघणाऱ्याकडे पाठ फिरवताना. ही गोष्ट मला त्या पुस्तकापेक्षा आमच्या घरानं शिकवली.

आमची वस्ती लासुर्ण्याच्या अलीकडे. चारी बाजूंनी ऊस, मधून कालव्याची चारी, आणि हंगामात वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास थेट चुलीपर्यंत. वडलांना सगळं गाव तात्या म्हणायचं, म्हणून आम्हीही तात्याच. तरुणपणी ते पैलवान होते. चांगले होते, पण चांगल्यावरच थांबले. मोठ्या मैदानात त्यांचं नाव कधी झालं नाही. त्याची सल त्यांनी घराच्या मागं पत्रा घालून तालमीच्या रूपानं बांधून ठेवली होती. "मला जमलं न्हाय ते मी करून दावणार," ते म्हणायचे. "दुसऱ्याच्या आंगानं का हुईना."

ते दुसऱ्याचं अंग त्यांना आमच्याच रानात सापडलं. ऊस तुटून गेल्यावर खतासाठी रानात मेंढ्या बसवायची पद्धत आहे. त्या वर्षी एका म्हाताऱ्या धनगराचा कळप आला होता. त्याच्याबरोबर त्याचा पुतण्या, बिरू. आईबाप नसलेला, मिसरूडही न फुटलेला. चारीत पडलेला थोराड मेंढा त्यानं काखेत हात घालून असा वर काढला, जसं आपण मांजर उचलतो. तात्या बांधावर उभे होते. ते खाली उतरले, त्यांनी बिरूचं मनगट दाबून पाहिलं, खांदा चाचपला, पाठीवरून हात फिरवला. बाजारात खोंड बघतात तसं. मग चुलत्याला म्हणाले, "हे पोरगं मला द्या."

"न्या की," चुलता म्हणाला. "खातंय बी लई."

असा बिरू आमच्या घरी आला.

पहिल्या दिवसांत तो तालमीचं दार उघडं टाकून झोपायचा. डोक्यावर छप्पर असलं की त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं. पुढं सवय झाली. सकाळी जोर-बैठका, मग माती उकरणं, मग खुराक. त्या वर्षांत माझ्या सकाळी बदामाच्या वासाच्या होत्या. पाट्यावर थंडाई मी वाटायची, दोन म्हशींचं दूध आई वेगळं काढून ठेवायची, तूप तात्या स्वतःच्या हातानं वाढायचे. माझा धाकटा भाऊ दत्ता बिरूच्या पाठीवर बसायचा आणि बिरू तसेच जोर मारायचा. दत्ताला मी मोठमोठ्यानं वाचायला शिकवायची, आणि दाराआड बसून बिरूही शिकायचा. हे मला बरंच नंतर कळलं, तो वर्तमानपत्र हातात घेऊन आला तेव्हा. त्यात त्याचा फोटो होता, खाली बातमी होती.

"ताई," तो म्हणाला, "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी बघितलं. नाव नव्हतं. 'तात्यांचा पठ्ठ्या विजयी' एवढंच होतं. पठ्ठ्या म्हणजे चेला, हाताखाली तयार झालेला गडी. मैदानात सगळे त्याला तसंच हाक मारायचे. त्याला त्याचं वाईट वाटलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण तो हसला होता.

आणखी मोठं अंग पाहिजे, असं तात्यांना वाटायला लागलं तेव्हा मोटारसायकलवरून एक माणूस येऊ लागला. फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी लहान लहान बाटल्या आल्या. सुया आल्या. आई म्हणाली, "हे काय टोचताय त्याला?" तात्या म्हणाले, "ताकदीचं औषध हाय. समदी घेत्यात." बिरू निमूट दंड पुढं करायचा. तात्यांनी दिलेलं आजवर सगळंच त्यानं खाल्लं होतं, प्यायलं होतं.

वर्षा-दीड वर्षात तो ओळखू येईना. मान खांद्यांत बुडाली. पाठीवर फोड उठले. आवाज जाड झाला, डोळ्यांच्या कडा लाल राहू लागल्या. शाळेत जाणारी पोरं त्याला बघून रस्त्याची कड बदलायची. आई त्याला वाढताना पदर सावरून घेऊ लागली, आणि ते त्याला दिसलं. त्यानंतर तो ताट घेऊन बाहेर, गोठ्याशेजारी बसून जेवायचा. पण मैदानं तो मारत होता. निमगाव केतकी झालं, भवानीनगरच्या बाजूची गावं झाली. फेटा बांधलेले तात्या गर्दीच्या खांद्यावर असायचे आणि तो मागून चालत यायचा, अंगाला माती, हातात नारळ. त्याच उन्हाळ्यात तात्यांनी त्याचं लग्न ठरवलं. निमगावच्या पुढच्या एका वाडीतली मुलगी. सुपारी फुटली. बिरूनं त्या मुलीला एकदाच पाहिलं होतं. ती त्याला घाबरली नाही, असं तो दत्ताला पुन्हा पुन्हा सांगायचा.

दिवाळीच्या पुढं, सकाळच्या मेहनतीत, तो उभ्याचा आडवा झाला.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "ह्याला काय काय टोचलंय?" तात्या भिंतीकडे बघत राहिले. मूत्रपिंडं बिघडली होती, हृदय वाढलं होतं. कुस्तीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना जीपमध्ये तात्या पुढच्या सीटवर बसले होते. आम्ही मागं. सगळ्या रस्त्यात त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.

त्या दिवसापासून ते पळाले. कुठं लांब गेले नाहीत, घरातल्या घरातच पळाले. तालमीच्या बाजूचं दार सोडून पुढच्या दारानं जा-ये करू लागले. थंडाई वाटली जात होती, पण पेला दत्तापुढे जायचा, कारण आता तात्यांनी दत्ताला मातीत उतरवला होता. बिरूला घरातली भाजी-भाकरी. ती खाऊन तो ताट घासून ठेवायचा. एके दिवशी मात्र तात्या स्वतः मुलीच्या वाडीला गेले आणि लग्न मोडून आले. आईनं विचारलं तर म्हणाले, "त्याला पोरं हुतील का न्हाय कोण सांगणार? अन् झाली तर कशी हुतील? उगं त्या पोरीचं वाटुळं कशाला?" हे विचार त्यांना सुया टोचताना सुचले नव्हते.

माघातली दुपार होती. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. बिरू अंगणात येऊन उभा राहिला, तात्यांची वाट अडवून.

"तात्या, माझं लगीन का मोडलंसा?"

"तुझ्या भल्याचंच केलं."

"माझं भलं तुमाला कवापास्नं कळाय लागलं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "मी मेंढरं राखत हुतो. मला कायबी ठावं नव्हतं. तुमी मला हितं आणलंसा. ह्ये आंग तुमचं हाय, तात्या. आता ह्याला घिऊन मी कुठं जाऊ? चुलत्यानं मेंढरं इकली. असती तरी काय? मला बघून मेंढरं बी बुजत्यात."

"हातपाय धड हायत. काम बघ कुठंतरी. मी सांगतो कारखान्यावर कुणाला."

"एवढंच?"

"एवढंच. आन् आता तालमीत राहू नगंस. दत्ताच्या मेहनतीला आडकाठी हुतीया."

बिरू त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हात उचलणार. त्यानं वाट सोडली. तालमीतून एक पिशवी घेतली, आईच्या पाया पडला आणि गाड्यांच्या धुळीतून चालत गेला. दत्ता त्याच्यामागं चारीपर्यंत रडत गेला.

मी तात्यांना म्हणाले, "असं सोडता येत नाही त्याला. तुम्ही केलंय हे सगळं." तेव्हा मी एम.ए.ला होते, ती कादंबरी नुकतीच वाचत होते, कदाचित माझ्या बोलण्याला पुस्तकाचा वास आला असेल. तात्या म्हणाले, "पुस्तकातलं पुस्तकात ठेव. बैल थकला की बाजार दावत्यातच."

"बेंदराच्या सणाला बैलाच्या खांद्याला निदान तूप-हळद तरी लावतात, तात्या."

तात्या पायात वहाणा घालून पुढच्या दारानं बाहेर पडले. आई मात्र माझ्यावरच चिडली. आमच्या घरात खरं बोलणाऱ्यावर चिडायची रीत होती, कारण बाकी कुणावर चिडायची सोय नव्हती.

मग तो चैत्र आला. माझे पेपर सुरू होते. दोन पेपरांच्या मधे सुट्टी होती म्हणून गावच्या जत्रेला घरी आले. ऊन असं होतं की पत्र्यावर टाकलेल्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत वाळायच्या. कैऱ्या फोडायचं काम चाललेलं, अंगणात कलिंगडाच्या सालींवर माश्या, आणि दुपारपासून हलगी. दत्ताची ती पहिली मोठी कुस्ती. बायका मैदानात जात नसत, म्हणून आम्ही शाळेच्या गच्चीवर उभ्या होतो. खाली लाल मातीचा हौदा, भोवती टोप्या, फेटे, धूळ. तात्या पंचांच्या शेजारी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत.

दत्ता लंगोट लावून हौद्यात फिरला. त्याचा जोडीदार पुढं यायच्या आत गर्दी एका बाजूनं फाटली आणि बिरू आत आला. शर्ट काढला, तात्यांच्या समोर उभा राहिला आणि मांडीवर हात मारून शड्डू ठोकला. तो आवाज गच्चीपर्यंत आला.

पंच म्हणाले, ही जोड ठरलेली नाही. गर्दी ओरडायला लागली, "लावा! लावा!" एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे, त्यांना मौज वाटत होती. सगळे तात्यांकडे बघत होते. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते गर्दीला ठाऊक नव्हतं, तात्यांना होतं. नको म्हणणं सोपं होतं. पण नको म्हटलं असतं तर तात्यांनी माघार घेतली असं झालं असतं. त्यांनी मान हलवली.

आणि दत्ता, माझा भाऊ, आनंदानं पळत गेला. बिरूदादा परत आला होता. त्याला वाटलं, दादा चार डाव खेळवील, लोकांना हसवील आणि सोडून देईल. तो बिरूच्या पायाला हात लावायला वाकला. बिरूनं त्याला उठवलं. बिरू त्याच्याकडे बघत नव्हता. त्याच्या डोक्यावरून तात्यांकडे बघत होता.

कुस्ती फार वेळ चालली नाही. बिरूनं त्याचा पाय धरला, खांद्यानं दाबलं आणि पाय ज्या बाजूला जात नाही त्या बाजूला नेला. खुब्यातून निखळला. हाडही मोडलं होतं, हे नंतर कळलं. दत्ताची किंकाळी आधी आली आणि मग हलगी थांबली.

बिरूनं हात वर केले नाहीत. त्यानं दत्ताला दोन्ही हातांवर उचललं, लहान पोराला उचलतात तसं, सांभाळून, आणि तात्यांच्या पायापाशी ठेवलं. मैदान इतकं गप्प झालं होतं की त्याचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"घ्या. आता ह्यो बी माझ्यासारखाच झाला. बगू, ह्याला कुठं टाकताय."

लोकांनी त्याला अडवलं नाही. तो शर्ट खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढचे महिने मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत, आणि गंमत अशी की ते महिने मायेचे होते. दत्तावर एकापाठोपाठ शस्त्रक्रिया झाल्या. तात्या दवाखान्यात त्याच्या खाटेखाली सतरंजीवर झोपायचे. घरी आणल्यावर त्याला भरवायचे, त्याची पाठ पुसायचे, भांडं द्यायचे-घ्यायचे. पाण्याचा तांब्याही कधी स्वतः न उचललेला माणूस पोराचे मळलेले कपडे चारीवर धूत बसायचा. दत्ता चिडायचा, वस्तू फेकायचा, तेव्हा गप्प बसून सगळं ऐकून घ्यायचे. मालिशच्या तेलाचा वास घरभर. शेजारणी म्हणायच्या, बाप असावा तर असा. आईचे डोळे भरून यायचे.

मला तो वास सहन व्हायचा नाही. तात्यांना हे सगळं येत होतं. मोडलेल्या अंगाशेजारी कसं बसायचं, ते त्यांना ठाऊक होतं. रागावलेल्या तरुण पोराला कसं धीरानं घ्यायचं, तेही ठाऊक होतं. हातात एवढी माया असूनही त्यातली बोटभरसुद्धा त्यांनी बिरूला लावली नव्हती. ते निर्दय असते तर मी त्यांना माफ केलं असतं, असं मला कधी कधी वाटतं. दगडावर कोण रागावतं? पण ते दगड नव्हते. बिरूनं सूड घेतला तो दत्ताचा पाय मोडून नव्हे. त्यानं तात्यांची माया सगळ्या गावासमोर उघडी पाडली, आणि ती कुणासाठी राखून ठेवली होती ते दाखवलं.

आणि त्यासाठी त्यानं माझ्या भावाचा पाय घेतला, हेही मी विसरत नाही. ज्या पोराला पाठीवर बसवून तो जोर मारायचा, त्याचा. अन्याय झालेला माणूस अन्याय करताना नेमका सगळ्यात मऊ जागी हात घालतो. ती जागा त्याला माहीत असते, कारण तिथंच त्याला कुणीतरी कधी जवळ केलेलं असतं.

दत्ता काठीनं चालू लागला. पुढं त्यानं गावात खताचं दुकान टाकलं. बिरू बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. त्याचं अंग बघूनच घेतला असणार. कुणी जवळ येऊ नये, हेच तर तिथं काम. कॉलेजला जाताना मला तो दिसायचा. निळा शर्ट, पाठीला पोक, चेहऱ्यावर सूज. मला बघितलं की मान खाली घालायचा. मीही पुढं जायची.

दत्ता मात्र थांबायचा. दुकानाच्या मालासाठी बारामतीला आला की गेटवर डबा देऊन जायचा. हे कळलं तेव्हा मी त्याच्यावर भडकले. "तुझा पाय मोडला त्यानं!"

"त्याला मान मोडता आली असती, आक्का," दत्ता म्हणाला. "ताकद हुती. त्यानं पाय धरला तवा त्याचा हात थरथरत हुता. ते मला कळलं. गच्चीवरनं तुमाला नसंल दिसलं."

"म्हणून माफ केलंस?"

"माफ न्हाय केलं. रोज उठताना दुखतंय, कसं माफ करू? पर एकाच हातानं घडलेलो आमी दोघं. त्याला टाकलं अन् मला ठिवलं. मला का ठिवलं, ते मी इसरू का?"

यंदा, जत्रेच्या दिवसांतच, बिरू सरकारी दवाखान्यात वारला. शेवटी मूत्रपिंडांनी साथ सोडली. चुलता कधीच वारला होता. दत्ताला फोन आला, त्यानं मला केला. मी दुपारच्या पेपरची ड्युटी दुसऱ्या बाईंना देऊन स्मशानात गेले. चादरीखाली ते अंग उरलंच नव्हतं. ज्याच्यासाठी दोन म्हशींचं दूध कमी पडायचं, तो माणूस कंपनीतल्या दोन सोबत्यांनी आणि माझ्या लंगड्या भावानं सहज उचलला. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायला माणूस लागतो. दत्तानं काठी माझ्याकडे दिली आणि मडकं घेतलं. फेऱ्या घालताना त्याचा तोल जात होता. मी हात पुढं केला, पण त्यानं मानेनंच नको म्हटलं.

आम्ही वस्तीवर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई गेल्यापासून बसतात तसे तात्या ओसरीत खुर्चीवर एकटेच बसले होते. त्यांना सकाळीच कळलं होतं. जीप दारात उभी होती, चालवायला गडी होता. ते आले नव्हते. आता त्यांना नीट दिसत नाही, पण पावलं ओळखू येतात. दत्तानं अंगणातच अंगावर पाणी घेतलं. तो पाय पुसत असताना तात्यांनी विचारलं,

"कोण कोण आलं हुतं?"

दत्तानं टॉवेल दोरीवर टाकला.

"घरची समदी हुती, तात्या. तुमी सोडून."

तो काठी टेकत आत गेला. तात्यांनी माझ्या दिशेला चेहरा वळवला, मी काहीतरी म्हणेन म्हणून. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी दत्ताच्या मागोमाग आत गेले.